लेखकाच्या रकान्यात

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं आजीने कळवलं. तुझा फोन आला नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. घरातून निघताना "जरा हवापालट" म्हणालीस, पण बॅग भरतानाचा आवाज हवापालटाचा नव्हता. गावचा एकजण आज रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळला उतरतोय, त्याच्याकडे हे पत्र देतोय. मोबाईलवर लिहायला गेलो की मी निम्मं खोडतो, आणि उरलेलं तू अंगठा दाखवून संपवतेस.

नाटकाच्या स्पर्धेच्या दिवशी लेखनाचं बक्षीस तुमच्या चष्मेवाल्या पोराला जाहीर झालं तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. हात टाळ्या वाजवत होते, तोंड दुसरीकडे होतं. नंतर तुझ्या आईने सगळं सांगितलं. अर्जात लेखकासाठी एकच रकाना. तुम्ही 14 जण. नाटक कुणी एकाने लिहिलेलंच नाही, गच्चीवर चार महिने करून करून झालेलं. मग "नाव कुणाचं तरी टाका, पुढे बघू" म्हणत ज्याने टाइप केलं त्याचं टाकलं. पुढे जे झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं.

तुझी समजूत काढायला हे लिहीत नाही. मी दहा वर्षं युनियनचा सभासद होतो, नाव गळणं मला बारीक गोष्ट वाटत नाही. पण मी तुमची गच्ची बघितलेली आहे, त्यामुळे मला त्या पोराबद्दलही बोलायचंय.

ऑगस्टात तुम्ही आमच्या पत्र्याच्या शेडखाली सुरुवात केलीत तेव्हा मला वाटलं होतं, ही मुलं नाटक बसवतायत की वेळ काढतायत. डोळे मिटून गोल उभं राहायचं आणि 1 ते 20 मोजायचे. कोण कधी बोलणार ते ठरवायचं नाही, आणि दोघं एकदम बोलले की पुन्हा 1 पासून. एका रात्री तुम्ही 7 च्या पुढे गेला नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, "मुलांचा गणिताचा क्लास आहे का?" मी हो म्हणालो.

मग ते मशीन. एकजण हात हलवणार, दुसरा त्याला जोडून मान, तिसरा तोंडाने खडखड. मी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वर आलो होतो आणि माझ्याच्याने राहवलं नाही. लोखंड कातायची लेथ अशी नाचत नाही, बाळांनो. रॉड धरलेला चक गरागरा फिरतो, टूल मात्र मुंगीच्या पावलाने सरकतं, आणि वरून कूलंटची धार पडत असते. दोन वेग एकाच जागी असतात, म्हणून तर चकातला जॉब कापला जातो. तुम्ही सगळे एकाच वेगात हलत होतात. तो उंच पोरगा म्हणाला, "काका, परत सांगा." मग तासभर मी चक झालो आणि तुम्ही टूल. दुसऱ्या दिवशी माझी मान धरली होती. पण तो प्रवेश नाटकात राहिला. तेव्हा लेखक मोजायलाच बसलात तर पंधरावा मी. बक्षिसाच्या रकमेतला वाटा मागत नाही.

तुमच्या पद्धतीचं मला नवल वाटायचं ते वेगळ्या कारणाने. आमच्याकडे आधी ड्रॉइंग येतं. त्यावर माप, त्याखाली किती मायक्रॉन इकडेतिकडे चालेल ते, आणि मग रॉड चकात लागतो. तुम्ही आधी पार्ट बनवत होतात, मग ते एकमेकांत बसतात का बघत होतात, आणि ड्रॉइंग सगळ्यात शेवटी. तेही कशासाठी, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते म्हणून. कागद नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर स्पर्धा नाही. ज्या नाटकाला कागदच नव्हता त्याचा कागद करायची वेळ आली आणि त्या पोराने पाच रात्री जागून तो केला. तुमच्या मोबाईलमधली रेकॉर्डिंग ऐकून, तीन-तीन तऱ्हांनी बोललेल्या वाक्यातलं एक निवडून. हे काम आहे, मनू. दोन पार्ट वेल्ड करणाऱ्याने पार्ट बनवलेले नसतात, पण जोड त्याचाच असतो. त्याला संकलन म्हणा, जुळणी म्हणा. लेखन म्हणू नका, आणि एकट्याचं तर नाहीच. हे त्या मीटिंगमध्ये तू बोलायला हवं होतंस. अर्जावर सही व्हायच्या आधी. सहीनंतरची तक्रार आमच्या गेटवरही कुणी ऐकली नव्हती.

आता गेलीच आहेस तर जत्रा चुकवू नकोस. देवळासमोर दशावतार उभा राहील तेव्हा आजीबरोबर पुढे बसू नकोस, मागे रंगपटाशी जाऊन बस. लहानपणी मी तिथेच असायचो. संध्याकाळी आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, कोण काय करणार आणि कुणामागून कोण येणार ते बोलून घेतात, आणि रात्रभर राजा, राक्षस, राणी सगळे आपापलं बोलतात. लिहिलेलं काही नसतं. सामान म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. माझा एक चुलता राक्षस करायचा. त्याला मी एकदा विचारलं, तुम्ही हे लिहून का ठेवत नाही? तर म्हणाला, "मेल्या, लिवन कित्याक होया? येळार सुचता ताच खरा." त्याची भाषणं त्याच्याबरोबर गेली. एकही ओळ कुठे नाही. तेव्हा त्यात मोठेपणा वाटायचा, आता थोडं वाईट वाटतं.

तुमचे दोन्ही प्रयोग मी बघितले, म्हणून सांगतो. गच्चीवरचा आपल्या बिल्डिंगपुरता केलेला पहिला प्रयोग लांबला होता. एमआयडीसी 1962 साली सुरू झाली आणि तिची पहिली वसाहत आपलं ठाण्याचं वागळे इस्टेट, हे चार वेळा सांगितलंत. एकदा पुरे, ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बसस्टॉपचा प्रवेश तीन आठवडे खपून केलेला, तो नंतर काढलात ते बरोबर केलंत. तू त्यावर रडलीस, पण लेथखाली भुसा पडल्याशिवाय शाफ्ट निघत नाही. स्पर्धेतला प्रयोग नेमका 35 मिनिटांत बसला, कुठे अडखळला नाही. तरी मला पहिलाच आवडला. पहिल्यात तुम्ही एकमेकांचं ऐकून बोलत होतात, दुसऱ्यात पाठ केलेलं बोललात. भोंग्याच्या प्रवेशात ती बारकी मुलगी गच्चीवर दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायची आणि बाकीच्यांना तिची वाट बघावी लागायची. स्पर्धेत ती बरोबर चौथ्या ठोक्यावर थांबली. वाट बघणं गेलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तू मला सप्टेंबरात रेकॉर्डरसमोर बसवलंस तेव्हा कंपनी बंद झाली त्याबद्दल मी एक गोष्ट सांगितली होती, जी आधी कुणाला सांगितली नव्हती. 2004 साल. गेटवर नोटीस लागली आणि मी आठ दिवस घरी बोललो नाही. तू पोटात होतीस, तुझ्या आईला सातवा चालू होता. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि तलावपाळीवर जाऊन बसायचो. समोर गडकरी रंगायतन. बाहेरच्या बोर्डावरची नाटकांची नावं वाचायची, खाली लेखक कोण, दिग्दर्शक कोण. डबा तिथेच खायचो, आणि पहिली पाळी सुटायच्या हिशोबाने घरी.

ते तू नाटकात घातलंस. मला विचारलं नाहीस. गच्चीवर तो प्रवेश नव्हता, स्पर्धेत होता. तो उंच पोरगा माझी वाक्यं माझ्याच अडखळण्यासकट बोलत होता, हातात माझा माप घ्यायचा व्हर्नियर, आणि माझ्या शेजारी तुझी आई बसलेली. मला घाम फुटला. वीस वर्षं सांभाळलेली गोष्ट आणि समोर दोनशे माणसं. पोरगा छान करत होता हेही दिसत होतं, आणि त्याला थोबाडावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

रिक्षात आम्ही गप्प. तीन हात नाक्याच्या सिग्नलला तुझी आई म्हणाली, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, कसं?

"डब्यात शेंगांची टरफलं असायची. कंपनीत कुठून आल्या शेंगा?"

सिग्नल सुटला. मग जरा वेळाने म्हणाली, की आठही दिवस ती डब्यात एक पोळी जास्त घालत होती. बाहेर बसून भूक जास्त लागते म्हणून. मला ती पोळी आठवतही नाही. खाल्ली असणारच.

तर तुमच्या नाटकातली बायको, जिला काहीच माहीत नाही, जी शेवटी दारात उभी राहून वाट बघते, ती चुकलेली आहे. तू माझ्याकडून ऐकलंस आणि मला जे माहीत नव्हतं ते तुला कुठून मिळणार? 14 जणांत एकानेही आईला रेकॉर्डरसमोर बसवलं नाही. सगळे कामगारांना भेटलात, युनियनवाल्यांना भेटलात, इस्टेटीत रोड नंबर 16 वरच्या चहावाल्याला भेटलात. डबे भरणाऱ्या एकीलाही नाही. मला न विचारल्याचा राग दोन दिवसांत गेला, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

फेब्रुवारीत पुढचा प्रयोग आहे म्हणतात. आता त्या संहितेवर शिक्का बसलेला आहे, बदल करायचा तर नवे कागद मंडळाकडे द्यावे लागतील, ती दगदग होईल. बदलायचं की नाही ते तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवा. पण टरफलांची गोष्ट वापरायची असेल तर आधी आईला विचार. समोर बसून, आणि रेकॉर्डर लगेच चालू करू नकोस. तिला चालेल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. वीस वर्षं माझं वाटणं काय होतं ते तू बघितलंसच.

आणि नवे कागद होणारच असतील तर लेखकाच्या रकान्यात 14 नावं बारीक अक्षरात लिहा. मावत नसतील तर सोबत पुरवणी जोडा. आमच्या मागण्यांच्या कागदालाही असायची. तो चष्मेवाला काल येऊन गेला. तू नाहीस म्हटल्यावर जिन्यात बराच वेळ उभा होता. बक्षिसाचं पाकीट त्याने फोडलेलं नाही, एवढं सांगून गेला. फोन कर त्याला.

आजीला गुडघ्याचं तेल रोज लावायला सांग, नुसतं उशाला ठेवते. येताना थोडी आमसुलं आण.

माझा व्हर्नियर अजून तुमच्या सामानाच्या पेटीत आहे. पहिल्या पगारातून घेतलेला आहे तो, फेब्रुवारीपर्यंत वापरा. पण ठेवताना कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा, आणि जबडे घट्ट मिटून ठेवू नका. थोडी फट ठेवायची असते.

तुझे,
बाबा