गेममधला चौक काढायचा तर आधी पाणी बघा

मा. संपादक,
स.न.

सुट्टीत मुलांनी काय करावं यावर पुरवण्यांमध्ये बरंच येतं पण डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दल कधी वाचलं नाही म्हणून हे पत्र. १९७४ साली अमेरिकेत आलेला हा गेम, प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट पुढे न्यायची, स्क्रीन लागत नाही, फासे कागद पेन्सिल आणि चार टाळकी जमली की झालं. आमच्या ग्रुपमध्ये मी डंजन मास्टर असतो, म्हणजे जागा आणि गोष्ट मी रचायची.

नवीन पोरं गावाचा नकाशा काढायला बसली की प्रत्येकाचा चौक सेम टू सेम, मधे कारंजं, कडेला दारूचा गुत्ता, एक नोटीस बोर्ड. त्या कारंज्यात पाणी येतं कुठून हे कोणी ठरवतच नाही, मग प्लेयर तिथे थांबतील कशाला, लगेच गुहेकडे पळतात. इटलीतल्या सिएनाचा चौक बघा, तिथल्या कारंज्याचं पाणी मैलोन्‌मैल खोदलेल्या भुयारांतून येतं आणि फरसबंदीचे नऊ भाग पाडलेत कारण राज्य नऊ जणांच्या मंडळाचं होतं!

आणि पुण्यात तर सगळं तयारच आहे हो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून नळ आणला, पंप बिंप काही नाही, नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या वाटा. आता गेममध्ये विचार करा, एका पेठेचा हौद अचानक आटला, बाकीचे भरलेत, मग खाली उतरून बघायचं तर रात्रीच जावं लागणार आणि रात्रीच्या संचारबंदीची तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसलात तर कोतवालाची माणसं धरणार. राक्षसाची गरजच नाही.

पण खरा प्रश्न पुढचा आहे, त्या हौदावर घागर कोणाला बुडवू देत नव्हते? १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो का करावा लागला हे चौक रचणाऱ्याला माहीत पाहिजे. नकाशात कोण कुठपर्यंत येऊ शकतं ती रेघ काढा, ती ओलांडायची की नाही हे प्लेयर ठरवतील, आणि माझा अनुभव आहे की पोरं इथेच सगळ्यात जास्त भांडतात, विचार करतात, तासभर हलत नाहीत.

तर विनंती एवढीच, जुन्या हौदांचा आणि नळाचा नकाशा एखाद्या रविवारी पूर्ण पानभर, जाणकाराच्या टिपांसकट छापा. कात्रण काढून टेबलावर ठेवू आणि खेळू.

– एक वाचक, पुणे