लेखकाला शालीऐवजी टेबल द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव असो, कोजागरी असो की बचत गटांचे प्रदर्शन, प्रभागातल्या कुणी पदरमोड करून पुस्तक काढले की आयोजक त्याला व्यासपीठावर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि खाली पाठवतात. पुस्तके पिशवीतच राहतात. शालीच्या पैशात तीन फुटी टेबल आणि एक दिवा सहज होतो.

वितरकामार्फत दुकानात गेलेल्या पुस्तकाच्या छापील किमतीतले साधारण 40 टक्के कमिशनमध्ये जातात आणि उरलेले कधी हाती येतील याचा नेम नसतो. म्हणूनच 200 रुपयांचे पुस्तक लेखकाला कार्यक्रमात 150ला देणे परवडते. मात्र पन्नासच्या नोटा घरून न्याव्यात, सुट्ट्यांपायी गिऱ्हाईक परत जाते. क्यूआर कोड लेखकाच्या फोनशी जोडलेला आणि लेखक व्यासपीठावर, हा घोळ तर नेहमीचाच. पैसे आले की नाही ते टेबलावरच्या माणसाला कळत नाही. साउंडबॉक्स ठेवावा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा कोड लावावा.

टेबल कुठे, याला फार महत्त्व आहे. खाद्यपदार्थांच्या स्टॉलशेजारी नको. तेलकट हाताने कुणी पुस्तक चाळत नाही, आणि चाळले तर प्रत बाद. सभागृहात चपला काढायच्या जागेजवळ लोक आपसूक थांबतात, तिथे विक्री होते. तीही कार्यक्रमाआधीची पंधरा मिनिटे, मध्यंतर आणि आभारानंतरची वीस मिनिटे एवढीच. आभार मानणाऱ्याने ‘पुस्तके दाराशी आहेत, दीडशे रुपयांना’ एवढे म्हटले तरी पुरे. मंडपात स्पीकरपुढे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून विषय एका ओळीत आणि किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी हवी.

डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचे 160 पानी, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या दहा फॉर्मांचे पुस्तक 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावर दोनशे ग्रॅमच्या आत बसते. पन्नास प्रती म्हणजे दहा किलोंचा एक खोका, एका माणसाला झेपणारा. पहिल्या कार्यक्रमाला तेवढ्याच न्याव्यात. भाद्रपदातल्या दमट हवेत मुखपृष्ठे वर वळतात, आणि दोष छपाईला दिला जातो. लॅमिनेशन बाहेरच्या बाजूला असते. आतला कागद ओल शोषून फुगतो, वरचा प्लास्टिकचा थर फुगत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या अंगाला वळते. गठ्ठ्यावर फळी आणि वजन ठेवावे, खोका फरशीवर न ठेवता पाटावर ठेवावा. प्लास्टिकमध्ये सीलबंद पुस्तक कुणी घेत नाही, एक प्रत चाळायला उघडी हवीच. स्वाक्षरीला साधे बॉलपेन बरे. जेल पेनची शाई ओली असतानाच पुस्तक मिटले की समोरच्या पानावर उमटते.

काही प्रदर्शनांत स्टॉलसाठी जीएसटी क्रमांक मागतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, हे आयोजकांनी लक्षात घ्यावे. आयएसबीएनचेही, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचेही, तसेच. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनाशुल्क मिळतो. तो ‘काढून देण्याचे’ पैसे कुणी मागितले तर देऊ नयेत. अर्थात टेबलावर पुस्तक विकायला त्याची गरज नसते, पण पुढे ऑनलाइन विक्रीसाठी तो असलेला बरा.

आणखी एक, जरा नाजूक. टेबल मिळाले की अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार आणि पाहुणे यांना ‘भेट प्रत’ द्यावी लागते. लहान कार्यक्रमात दहा-बारा प्रती खपतात, त्यात चार फुकट गेल्या तर रिक्षाभाडेही सुटत नाही. मंडळाने स्वतःच्या खात्यातून दोन प्रती विकत घ्याव्यात आणि पावतीसह जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. पदाधिकाऱ्यांना तिथे त्या वाचता येतील.

आपला,
एक मुद्रण व्यावसायिक, पुणे