बोलचा हिशेब विद्यार्थ्यांना दाखवा : ओहायोच्या उच्चशिक्षण चॅन्सलरांना खुले पत्र

प्रति,
मा. चॅन्सलर,
उच्चशिक्षण विभाग, ओहायो राज्य, कोलंबस

विषय : सरकारी विद्यापीठांच्या बोल सामन्यांचा (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या, हंगाम संपल्यावरच्या मानाच्या सामन्यांचा) जमाखर्च जाहीर करण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे. मराठीत मुद्दाम लिहिलं, कारण इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं ओहायोच्या सरकारी विद्यापीठांत शिकतात आणि बिलातली ‘जनरल फी’ची ओळ आईबाप निमूट भरतात. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे ‘मॅक’, या विद्यापीठांच्या क्रीडा-गटातल्या सरकारी विद्यापीठांत खेळ विभागाचं निम्म्याहून अधिक उत्पन्न तिकिटांतून किंवा टीव्हीतून येत नाही. ते विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून येतं. अ‍ॅक्रन, केंट स्टेट, बोलिंग ग्रीन, टोलेडो, मायामी, ओहायो युनिव्हर्सिटी ही आपल्या अखत्यारीतली सहा विद्यापीठं याच कॉन्फरन्समध्ये आहेत.

ज्यांच्या घरी मुलं अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलेज फुटबॉलचा हंगाम बारा सामन्यांचा. त्यातले सहा जिंकले की संघ ‘बोल’ला पात्र ठरतो. डिसेंबरच्या मध्यापासून नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत असे चाळीसेक सामने होतात. वरच्या गटात संघ एकशेतीसच्या आसपास, त्यामुळे निम्म्याहून अधिक संघांना कुठला ना कुठला बोल मिळतोच. एवढं करूनही कधी पात्र संघ कमी पडतात. २०२३ साली डेट्रॉइटच्या क्विक लेन बोलमध्ये आपल्या बोलिंग ग्रीनसमोर मिनेसोटा उभं होतं, तेही पाच जिंकून सात हरलेलं. खेळाडूंच्या अभ्यासाच्या प्रगतीचे गुण चांगले, म्हणून त्याला आत घेतलं. मिनेसोटाने सामना ३०-२४ असा जिंकला. रोझ, शुगर वगैरे मोठे बोल आता राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफचे भाग आहेत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. माझा रोख बटाट्याच्या आणि मेयोनेझच्या नावाने भरणाऱ्या बाकीच्या सामन्यांकडे आहे.

यात पैसा कोण कमावतं? सुमारे सतरा बोलची मालकी ईएसपीएन या वाहिनीच्याच उपकंपनीकडे आहे. नाताळच्या आठवड्यात लोक घरी असतात, दुसरं थेट काही फारसं चालू नसतं, आणि आयडाहो राज्यातल्या बॉयसीच्या थंडीत निम्मं मैदान रिकामं असलं तरी टीव्हीसमोर दहा-वीस लाख लोक बसतात. वाहिनीला तेवढे प्रेक्षक स्वस्तात मिळतात. प्रायोजकाला नाव मिळतं, गावाला हॉटेलांचं भाडं मिळतं. या सगळ्यात विद्यापीठाची अवस्था विचित्र होते : वऱ्हाड आपल्या खर्चाने न्यायचं, जेवणाची ताटं आपणच विकत घ्यायची आणि आहेर मात्र मांडववाल्याने ठेवायचा. बोलची रक्कम कॉन्फरन्सकडे जाते, तिथून सगळ्या सभासदांत वाटली जाते. दुसरीकडे अनेक बोलच्या करारात ठरावीक तिकिटं उचलण्याची आणि ठरलेल्या हॉटेलात ठरलेल्या रात्री राहण्याची अट असते. कनेटिकट विद्यापीठाने २०११ साली फिएस्टा बोल खेळला तेव्हा त्याच्यावर १७,५०० तिकिटांचं ओझं होतं. विकली गेली त्यांतली थोडीशीच, आणि सरकारी विद्यापीठाचं पंधरा लाख डॉलरहून अधिक नुकसान झालं. तो तर मोठा बोल होता.

आता आपल्या घरचं पाहा. जुलै २०१५ मध्ये अ‍ॅक्रन विद्यापीठाने सहा कोटी डॉलरची तूट भरून काढायला २१३ जागा रद्द केल्या आणि बेसबॉल संघ बंद केला. (त्याच सुमारास अध्यक्षांच्या निवासाच्या नूतनीकरणात ५५६ डॉलरची एक शोभेची ऑलिव्हची बरणी आली होती. तिच्यावर तेव्हा इतकं लिहून झालंय की मी हात आखडतो.) त्याच वर्षीच्या डिसेंबरात अ‍ॅक्रनचा संघ जवळपास तीन हजार किलोमीटर दूर, आयडाहोतल्या बॉयसीला, ‘फेमस आयडाहो पोटॅटो बोल’ खेळायला गेला. निळ्या मैदानावर युटा स्टेटला २३-२१ असं हरवून त्याने आपला पहिला बोल जिंकला. पोरांनी जीव तोडून खेळ केला, याबद्दल दुमत नाही. पण पाच महिन्यांपूर्वी ज्यांची नोकरी गेली होती, त्यांना या दौऱ्याचा ताळेबंद कुणी दाखवला का? २०२० मध्ये महामारीच्या कपातीत अ‍ॅक्रनने आणखी तीन संघ बंद केले : पुरुषांचे गोल्फ आणि क्रॉस कंट्री, महिलांचा टेनिस. फुटबॉल संघ कायम राहिला.

त्या बटाट्याच्या बोलचा प्रायोजक मला मात्र फार आवडतो. आयडाहो पोटॅटो कमिशन ही सरकारी संस्था. तिचा पैसा बटाट्याच्या वजनावर लावलेल्या करातून येतो, आणि नावाला मोल देऊन आपण काय विकत घेतो हे तिला नेमकं ठाऊक आहे : आपल्या बटाट्याची देशभर जाहिरात. कर भरणारा शेतकरी तिला जाब विचारू शकतो. आपण बॉयसीहून नेमकं काय घेऊन येतो, हे ओहायोच्या फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला कुठे विचारता येतं?

विद्यापीठांचं उत्तर मला पाठ आहे. बोल मिळाला की संघाला आणखी पंधरा-एक सरावांची मुभा मिळते, नव्या खेळाडूंना ओढता येतं, माजी विद्यार्थी देणग्या देतात, गावाचं नाव होतं. सराव खरे आहेत. खेळाडूंना बोलकडून साडेपाचशे डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू मिळतात, त्याही मिळोत. वीस वर्षांच्या पोराला विमानातून नेऊन चार दिवस मान दिला तर माझं पोट दुखत नाही. बाकीच्या दाव्यांचा पुरावा मला हवा आहे. आणि एकट्या दौऱ्याचा तोटा कॉन्फरन्सच्या मदतीमुळे कदाचित लहानही निघेल. खरा खर्च बोलच्या आशेवर वर्षभर चालतो. वरच्या गटात टिकायचं म्हणून प्रशिक्षकांचे पगार, शिष्यवृत्त्या, मैदानं हे सगळं त्या मापाचं ठेवावं लागतं. अ‍ॅक्रनने २००९ मध्ये तीस हजार आसनांचं नवं स्टेडियम बांधलं, तेही याच हिशेबाने.

गंमत अशी की मॅकच्या संघांना जिंकण्यापेक्षा हरण्याचे पैसे जास्त मिळतात. हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन मार खायचा, त्या एका सामन्याचे दहा लाख डॉलरहून अधिक घ्यायचे, हा रिवाज आहे. ३१ ऑगस्ट २०२४ ला अ‍ॅक्रन कोलंबसला आलं आणि ओहायो स्टेट या मॅकबाहेरच्या मोठ्या सरकारी विद्यापीठाकडून ५२-६ असं हरलं. एका सरकारी विद्यापीठाच्या खेळ विभागातून दुसऱ्याच्या खेळ विभागात पैसा जावा आणि त्यासाठी पोरांनी अंग ठेचून घ्यावं, ही व्यवस्था आपल्या विभागाच्या डोळ्यांसमोर चालते.

बाजारात मात्र बोलची किंमत घसरते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक सोडून गेला, खेळाडू पांगले, आणि मार्शल विद्यापीठाने इंडिपेंडन्स बोलमधून अंग काढून घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेटने बोलला नकार दिला, तेव्हा त्यांच्या बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने दोघांना प्रत्येकी पाच लाख डॉलर दंड केला. पाच जिंकून सात हरलेल्या अनेक संघांनीही पाठोपाठ ‘नको’ म्हटलं. शेवटी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या बोलला ५-७ असलेलं अ‍ॅपलॅचियन स्टेट मिळालं. ज्या बक्षिसाला नाही म्हटलं तर दंड होतो, त्याचा खर्च विद्यार्थ्याने का उचलावा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

बोल बंद करा असं मी म्हणत नाही. मी स्वतः ते बघतो. नाताळच्या सुट्टीत सोफ्यावर बसून बघायला त्याहून बरं काही नसतं. माझी मागणी लहान आहे. बोल खेळून परतल्यावर नव्वद दिवसांत प्रत्येक सरकारी विद्यापीठाने एक पानाचा हिशेब आपल्या संकेतस्थळावर ठेवावा : कॉन्फरन्सकडून किती आले, विमान आणि हॉटेलवर किती गेले, वाद्यवृंदासह किती माणसं नेली आणि त्यांत पदाधिकारी व त्यांचे कुटुंबीय किती, किती तिकिटं उचलावी लागली आणि किती विकली गेली, प्रशिक्षकाला आणि क्रीडा संचालकाला बोलपोटी किती बोनस मिळाला. तूट आली तर ती जनरल फीतून भरता येणार नाही, असा नियम आपण करावा, देणगीदारांनी भरावी. आणि पुढच्या वर्षीपासून फीच्या बिलावर खेळ विभागाचा हिस्सा वेगळ्या ओळीत, डॉलरमध्ये छापावा. वसंत सत्राची बिलं नाताळच्या आसपासच देय होतात, म्हणजे नेमकी बोलच्या दिवसांत. त्याआधी एक परिपत्रक काढता येईल.

आपला,
ओहायोतील एक मराठी पालक