डोळे पिवळे दिसले की आधी काय पाहायचं

चि. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

कावीळ झालेलं माणूस तुझ्या आरोग्य उपकेंद्रात आलं की सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलंस. एक गोष्ट पक्की धर. कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. मलेरिया, सिकलसेल (रक्तपेशींचा वारशाने येणारा आजार), दारूने खराब झालेलं लिव्हर, पित्ताशयातला खडा, गढूळ पाणी, यातल्या कशानेही डोळे पिवळे होतात. म्हणून ‘कावीळ आहे’ एवढं म्हणून थांबू नकोस. कोणती आहे, आणि हे माणूस आज गावात ठेवायचं की पाठवायचं, हे त्याच बैठकीत ठरव.

तपासायला माणसाला बाहेर उजेडात बसव. पिवळ्या बल्बखाली कावीळ दिसतच नाही. खाली पाहायला सांग, वरची पापणी उचल आणि झाकलेला पांढरा भाग बघ. उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात मळकट पिवळेपणा असतोच, तो कावीळ नव्हे. कावीळ पांढऱ्या भागभर सारखी पसरलेली असते. डोळ्यांना दिसेपर्यंत रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, १०० मिलिलिटरमागे अडीच-तीन मिलिग्रॅमच्या घरात गेलेलं असतं. निरोगी माणसात ते साधारण १.२ च्या आत असतं.

मग लघवी पारदर्शक बाटलीत घेऊन हलव. फेसही पिवळा आला तर बिलिरुबिन लघवीतून जातंय, म्हणजे बिघाड लिव्हरात किंवा पित्ताच्या नळीत आहे. डोळे पिवळे पण फेस पांढरा असेल तर रक्तपेशी फुटत असाव्यात, तेव्हा सिकलसेल आणि मलेरिया आधी आठव. सिकलसेलच्या पोरांचे डोळे बारमाही थोडे पिवळे असतात आणि त्यांच्या पित्ताशयात कमी वयात खडे होतात. अशा पोराच्या उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर ‘नेहमीचंच आहे’ म्हणून परत पाठवू नकोस, सोनोग्राफी करून घे. टीबीच्या गोळ्या चालू असणाऱ्याची लघवी त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे नारिंगी होते. डोळे पांढरेशुभ्र असतील तर त्याला धीर दे आणि गोळ्या सोडू देऊ नकोस. पण त्याच गोळ्यांवर उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे झाले, तर त्या दिवशी गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखव. तिथे उशीर चालत नाही.

शौचाचा रंग विचारायला लाजू नकोस. मातीसारखं फिकट शौच आणि रात्रभर अंगाला खाज असेल तर पित्ताची नळी अडलेली आहे. सोबत थंडी वाजून ताप असेल तर नळीत पू झाला असं समजून त्याच दिवशी रवाना कर.

पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र आली की तुमच्या भागात सर्वांत आधी मलेरियाची आरडीटी, म्हणजे बोटातल्या रक्ताची झटपट चाचणी. ती निगेटिव्ह आली तरी काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा उघडून बघ. न दुखणारी काळी खपली दिसली तर ते स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण वेळेत पोचलं तरच. धानाच्या रोवणीत बांधीच्या (शेताच्या) पाण्यात उभं राहिलेल्यांना लेप्टोही (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) होतो. तेव्हा कोण कुठे काम करतं ते विचारून लिहून ठेव.

पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई. दोन्हींत बहुतेक माणसं आपोआप बरी होतात, औषधाने नव्हे. माळ घालून, हात चुन्यात धुऊन किंवा नाकात कडू दोडक्याचा रस टाकून ‘कावीळ उतरते’ असं वाटतं ते यामुळेच. माळ सुकते म्हणून सैल होते, आणि नाकातून वाहणारं पिवळं पाणी ही नाकाची आग असते. गावाशी यावरून भांडत बसू नकोस. माळ घालू दे, पण नाकात काही टाकू नका, चटके देऊ नका आणि काढे पाजू नका, एवढं मात्र ठासून सांग. गुळवेलीचा काढा रोज घेऊन लिव्हरला सूज आलेले रुग्ण कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आपल्याकडे कुंपणावर गुळवेल आहेच.

गरोदर बाई मात्र या सगळ्यातून वेगळी काढ. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या २० ते २५ बाया दगावू शकतात. तिची कावीळ किती गडद आहे ते बघत बसू नकोस, १०८ बोलाव.

बाकीच्यांत धोका ओळखायचा तो बिलिरुबिनच्या आकड्यावरून नाही. लोक ‘पॉइंट’ मोजत बसतात. लिव्हर खरंच थकलं की माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांग. पंजे मधेमधे फडफडून खाली पडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा उलट्यांमुळे पाणीही ठरत नसेल, तर पाठव. तिथे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो, ते तपासतील. तो वाढला की खरी काळजी.

घरी ठेवलेल्याला भात, वरण, भाजी, अंडं, जे रुचेल ते खाऊ दे. हळद-तेल बंद करून माणूस फक्त अशक्त होतो. रसवंतीचा ऊसाचा रस लोक हमखास पाजतात, त्यातल्या बर्फाचं पाणी कुठलं ते कोणालाच ठाऊक नसतं. दुखण्यावर डायक्लोफेनॅक देऊ नकोस. पॅरासिटामॉल लागलंच तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

एका वाडीत दोन रुग्ण निघाले की पाण्याकडे वळ. आणि महिनाभर मागचं पाणी आठव, कारण जंतू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिने लागतात. तेव्हा पाइप कुठे फुटला होता, बोरिंगभोवती पाणी कुठे साचलं होतं, ते जलसुरक्षकाला विचार. विहिरीचा हिशेब असा: ३ मीटर व्यास, २ मीटर पाणी, म्हणजे सुमारे १४,००० लिटर. २० टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी ओतायची आणि तासभर कोणालाही पाणी भरू द्यायचं नाही. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायचं. पिवळा रंग १० सेकंदांच्या आत वाच. पावडरचं पोतं उघडं राहिलं असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलंच नसतं, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची पिणारे तुझ्याकडे येतीलच. लिव्हर खराब झाल्याने पोट पाण्याने फुगलेलं, पाय सुजलेले, दंड वाळलेले. त्यांचं मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आण, पण डाळ-अंडी तोडू नकोस. झोपताना थोडं खाऊ दे, रात्रभराच्या उपासाने त्यांचं मांस झिजतं. असं पोट दुखू लागलं किंवा ताप आला की पोटातल्या पाण्यात जंतू झाले समज. शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं असेल तर आत रक्त वाहतंय, थांबू नकोस. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण त्याला हिरवट झाक असते आणि ते बांधलेलं असतं.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून येतात. बाळंतपण तुझ्या हातून झालं तर बाळाला बीच्या लसीचा डोस २४ तासांच्या आत. सी आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, हे लोकांना माहीतच नसतं.

सुई वापरल्यावर टोपण परत बसवू नकोस, सरळ हब कटरमध्ये (सुई तोडायच्या यंत्रात) टाक. तुझे बीच्या लसीचे तीन डोस झालेत, पण अँटी-एचबीएस, म्हणजे लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी, अजून केलेली नाहीस. ते १० किंवा त्याहून जास्त यायला हवं. पुढच्या वेळी जिल्ह्याला जाशील तेव्हा रक्त देऊन ये आणि किती आलं ते मला कळव.

तुझी
आई