कागद आमचा, रास सगळ्यांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात सेंद्रिय प्रमाणपत्र वाटपाची बातमी वाचली. फोटोत व्यासपीठावरची मंडळी ठळक आणि शेतकरी कोपऱ्यात अर्धे कापलेले. तेही चालेल. पण ‘यामुळे शेतकऱ्यांच्या मालाला योग्य भाव मिळेल’ हे जे वाक्य छापले आहे, त्यावर विश्वास ठेवून मी तीन वर्षे घालवली आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचा सत्तरी तालुक्यातल्या काजू बागायतदारांचा गट परंपरागत कृषी विकास योजनेतला, म्हणजे सेंद्रिय शेतीसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतला. हमी सहभागी पद्धतीची, म्हणजे गटातल्यांनीच एकमेकांच्या बागा पाहायच्या आणि सह्या करायच्या. यावर शहरातले लोक हसतात, भाऊ भावाला पास करणार म्हणतात. त्यांना गावची भाऊबंदकी ठाऊक नसावी. माझी बाग तपासायला आला तो चुलतभाऊ, ज्याच्याशी हद्दीवरून माझे दहा वर्षे बोलणे नव्हते. पडवीत भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोले भरून ठेवलेली जुनी खताची गोण होती, तीसुद्धा त्याने उलटी करून पाहिली. इतका कडक तपासनीस सरकारला पगार देऊनही मिळणार नाही.

काजू हे बहुवार्षिक पीक, म्हणून रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराची पुरी ३६ महिन्यांची अट. दुसऱ्या वर्षी ऐन मोहोरात ढगाळ हवा पडली आणि ढेकण्या किडीने मोहोर काळा केला. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याने दोन फवारण्या मारून पीक राखले. मी निंबोळी अर्क मारत बसलो, कारण सही केली होती. त्या साली बी निम्मीसुद्धा आली नाही. बोंडूंची, म्हणजे काजूच्या फळांची, तर गोष्टच नको, फेणीच्या भट्टीवाल्याने माझ्याकडे फिरकायचेच सोडले.

शेवटी प्रमाणपत्र आले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बियांबरोबर नेले. खरेदीवाल्याने कागद वाचला, ‘बरे झाले’ म्हणाला, गोण तोलली आणि शेजाऱ्याच्या बियांच्या राशीवर ओतली. दर तोच. मी म्हटले, अरे, हा माल वेगळा आहे. ‘वेगळा ठेवायला जागा कुठे आहे, काका?’ त्याचेही खोटे नव्हते. एका गोणीसाठी कारखान्यात वेगळा घाणा कोण लावणार? वर त्याने शिकवले की हा कागद देशातल्या देशात चालतो, परदेशी माल धाडायचा तर ‘एनपीओपी’चे, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे, प्रमाणपत्र हवे, ते त्रयस्थ संस्थेकडून पैसे मोजून घ्यायचे. हे कार्यशाळेत चहा-सामोशाबरोबर कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

पुढे मुलीकडे पणजीला गेलो. तिथल्या एका दुकानात ‘अस्सल गोव्याचा काजू’ असे पाकीट. विचारले, बी कुठली? मुलगा म्हणाला, ‘पॅकिंग गोव्यातच होते.’ वा! आफ्रिकेतल्या बेनिनची बी इथे येऊन फुटली की ती गोंयकार होते, आणि सत्तरीच्या डोंगरावरची बी राशीत पडली की तिला गाव उरत नाही.

गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फेणीला तर २००९ मध्येच मिळाले होते. काजूसाठी कारखानदारांच्या संघटनेने खटपट केली, त्याबद्दल त्यांचे आभारच. पण शिक्का बसतो गरावर, पाकिटावर. बी कोणाच्या बागेतली, फवारलेली की बिनफवारलेली, हे त्यातून कळत नाही. माझ्या बागेत येऊन गोणी उलट्या करणारे लोक खरेदीच्या गोदामात आणि दुकानात एकदा तरी जातील काय? निदान खरेदीच्या जागी प्रमाणित बियांसाठी एक वेगळा कोपरा आणि किलोमागे चार रुपये जास्त, एवढे तरी करा. पुढचे वाटप त्यानंतर ठेवा, मी स्वतः टाळ्या वाजवायला येईन.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. गवा हा आपला राज्यप्राणी, मान्य. पण या पावसाळ्यात लावलेली माझी काजूची अकरा कलमे त्याने मोडली. पाहणीला माणूस आला महिन्याने, तोवर कलमांचे सरपण झाले होते. वर विचारतो, ‘गव्यानेच मोडली याला पुरावा काय?’ पुढच्या खेपेला गव्याची सही घेऊन ठेवीन.

आपला,
एक काजू बागायतदार,
सत्तरी