तिकीट मागायला गेले तर विचारलं, नवरा काय करतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आमच्या बचत गटात पोरींनी विषय काढला, विधानसभेत बायकांना 33 टक्के जागांचा कायदा 2023 ला झालाय, लागू झाला की गोव्यात 40 पैकी 13 बायका बसणार. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्याशिवाय तो लागू होत नाही हे मी सांगितलं, पण खरं तर माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, की ह्या 13 जणी येणार कुठल्या घरातून?

2022 ची निवडणूक आठवा. 40 आमदारांत बायका फक्त 3. ताळगावात जेनिफर मोन्सेरात, पर्येत देविया राणे, शिवोलीत दिलायला लोबो. आणि तिघींचे नवरे त्याच वेळी शेजारच्या नाहीतर जवळच्या मतदारसंघातून निवडून आलेले, बाबूश पणजीतून, विश्वजित वाळपईतून, मायकल कळंगुटमधून. घरात आमदार नाही अशी एकही बाई त्या वर्षी सभागृहात पोचली नाही.

ह्या तिघींना मी अजिबात कमी लेखत नाही. जेनिफर 2012 पासून लागोपाठ तीनदा निवडून आल्यात, मंत्रीपण होत्या. दिलायला पर्रा गावच्या सरपंच होत्या, म्हणजे खालून काम केलेलं. देवियांना जवळपास 14 हजारांचं मताधिक्य मिळालं, पण तो मतदारसंघ सासऱ्यांनी, प्रतापसिंह राणेंनी वर्षानुवर्षं सांभाळलेला, कार्यकर्ते, बूथ, घराघरातली ओळख सगळं तयार होतं. आमच्या शशिकलाताई काकोडकरसुद्धा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी, ते गेल्यावर 1973 ला मुख्यमंत्री झाल्या आणि 1979 पर्यंत राज्य चालवलं, त्यांच्यानंतर गोव्यात एकही बाई त्या खुर्चीवर बसली नाही. आणि नातं म्हणजे हमखास विजय असंही नाही, नवरा उपमुख्यमंत्री असून सावित्री कवळेकर सांग्यातून अपक्ष लढल्या आणि पडल्या. पण लढायला तरी मिळालं, माझं म्हणणं तेवढंच आहे.

मी एक टर्म पंच, म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य होते, महिला राखीव वॉर्डातून. नवरा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्टला जातो, राजकारणाशी त्याचा संबंध नाही. तरी सुरुवातीचं वर्षभर लोक फोन करून म्हणायचे, "मिस्टरांकडे द्या जरा, कामाचं बोलायचंय." मी म्हणायचे काम माझ्याशीच बोला. गटाराची फाईल, रस्त्यावरचे दिवे, वरच्या वाड्यावरचं पाणी, सगळ्यासाठी बीडीओ ऑफिसच्या पायऱ्या मीच चढले, रविवारच्या ग्रामसभेत शिव्यापण मीच खाल्ल्या. हळूहळू "मिस्टरांकडे द्या" बंद झालं. आणि नेमकं तेव्हाच आरक्षण फिरलं, वॉर्ड जनरल झाला, आणि ज्यांना मी पाच वर्षं भेटत होते तेच म्हणाले आता तुझा वॉर्ड नाही गो, पुरुषांना सोड.

मग मी जिल्हा पंचायतीचं तिकीट मागायला गेले. पक्षाचं आणि माणसाचं नाव घेत नाही. त्यांनी माझ्या कामाचा कागद हातात घेतला पण वाचला नाही, विचारलं, "घोव कितें करता? घरचो कोण आसा राजकारणांत?" कोणी नाही म्हटलं. पैसे किती घालणार, गाड्या किती, प्रचाराला पोरं किती आणणार, हे पुढचे प्रश्न. ज्या घरात आमदार आहे तिथे ह्या तिन्हीची सोय आधीच असते, माझ्यासारखीने कुठून आणायची? दागिने मोडून?

माझी विनंती पक्षांना आहे. पंचायतीत राखीव जागांवरून दर पाच वर्षांनी कितीतरी बायका काम शिकून बाहेर पडतात, त्यांची यादी तुमच्या गट समित्यांकडे असते. तिकीट वाटायच्या आधी ती यादी काढा, त्यातल्या किती जणींना बोलावलं ते जाहीर सांगा, आणि ज्यांना द्याल त्यांचा प्रचाराचा खर्च पक्षाने उचला. नाहीतर 13 जागा राखीव झाल्या तरी त्याच घरांतल्या सुना, बायका, मुली येतील.

अजूनही आमच्या वाड्यावर दिवा गेला की मलाच फोन येतो. मी नव्या पंचाचा नंबर देते, तर म्हणतात तूच सांग गो त्याला. मी सांगते.

– एक माजी पंच, डिचोली तालुका