सतरा दाखल्यांपैकी दोन

संपादक महोदय,
स. न.

‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही यादी जाहीर झाली की दरवर्षी तिच्या बातम्या येतात. आपल्या अंकातही परवा आली. नावं होती, क्रमांक होते, फोटो होते. त्या माणसांनी शोधलं काय, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. एका विज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात ३१ वर्षं मी संशोधकांना सायटेशन (म्हणजे एका शोधनिबंधात दुसऱ्याचा दिलेला दाखला; ही यादीही त्यांच्याच मोजणीवरून ठरते) शोधून देण्याचं काम केलं, म्हणून राहवलं नाही.

माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला तो शोधाशोध सोपी व्हावी म्हणून. एखादा जुना शोधनिबंध हाती असला की पुढे कोणी कोणी त्याचा दाखला दिला, हे त्यातून कळायचं. संगणक येण्याआधी आम्ही ते जाडजूड खंड टेबलावर उघडायचो आणि मुंगीएवढ्या अक्षरांवर भिंग धरून, पट्टी सरकवत एकेक ओळ वाचायचो. तिथे निबंध सापडायचा तो पहिल्या लेखकाच्या नावाखाली. दुसऱ्या-तिसऱ्या लेखकाच्या नावाने शोधलं तर हाती काही लागायचं नाही. आडनाव आणि आद्याक्षरं सारखी असली की दोघांचं काम एकाच नावाखाली जायचं, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं काम दोन ठिकाणी विखुरलेलं असायचं. त्याने आमचं काही अडत नव्हतं, कारण आम्ही निबंध शोधत होतो, माणसं मोजत नव्हतो.

माणसं मोजणं नंतर आलं. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. ज्याच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० दाखले मिळालेत, अकराव्याला तितके नाहीत, त्याचा एच-इंडेक्स १०. पण ज्याने आयुष्यात १०च निबंध लिहिले आणि प्रत्येकाला हजार दाखले मिळाले, त्याचाही १०च! एका आकड्यात माणूस मावत नाही हे इथेच दिसतं.

स्टॅनफर्डचे जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी जी यादी काढतात ती याहून पुष्कळ विचारपूर्वक केलेली आहे, हे सांगायलाच हवं. ते स्कोपस या शोधनिबंधांची आणि दाखल्यांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसची आकडेवारी घेतात, सहा निकष एकत्र करतात, २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं वेगळी ठेवतात. स्वतःच स्वतःला दिलेले दाखले धरून आणि वगळून, असे दोन्ही आकडे देतात. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी. यातलं काहीही बातमीत येत नाही. एका वर्षाच्या यादीतलं नाव वाचून वाचकाला वाटतं, ही आयुष्यभराच्या कामाची पावती आहे.

शिवाय एकाच विषयातले दाखलेसुद्धा एका जातीचे नसतात. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरच्या लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक दाखले आहेत, कारण ती पद्धत प्रयोगशाळांमध्ये रोजच्या वापरातली झाली. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा ‘द लॅन्सेट’मधला १९९८चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्यालाही दाखले भरपूर, आणि त्यांतले कितीतरी तो खोडून काढणारे. मोजणीत दोन्ही सारखेच! गणितात तर एकूण दाखलेच कमी, त्यामुळे थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांना दाखले दिले तरी क्रम हलतो. दाखल्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीने २०२३ मध्ये आपल्या सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला, तो अशाच फेरफारांच्या चिंतेमुळे.

एक प्रसंग सांगते. बढतीच्या मुलाखतीआधी एक संशोधक बाई आल्या. “मॅडम, मला फक्त आकडा द्या.” त्यांच्या एका निबंधाचे १७ दाखले निघाले. मी म्हटलं, त्या नियतकालिकांचे अंक इथेच आहेत, बघू तरी काय लिहिलंय. दुपारभर आम्ही दोघी बसलो. अकरा ठिकाणी पहिल्याच परिच्छेदात, आणखी पाच-सहा नावांच्या रांगेत, नुसता उल्लेख. तीन त्यांच्याच सहलेखकांचे. एकाने लिहिलं होतं की आम्हाला हा निष्कर्ष मिळाला नाही. उरलेल्या दोघांनी मात्र त्यांची पद्धत खरोखर वापरली होती, आणि त्यांतल्या एकाने तापमान किती अंशांनी बदललं, का बदललं, हे अर्धं पान खर्चून सांगितलं होतं. ते अर्धं पान त्यांनी तीनदा वाचलं. आपलं काम कुणीतरी पुढे नेलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. अर्जात १७ हा आकडा गेला. झेरॉक्स त्यांनी त्या दोनच निबंधांची करून घेतली.

म्हणून विनंती अशी की, पुढच्या वेळी ही बातमी छापताना यादी कारकिर्दीची की एका वर्षाची, आकडेवारी कुठली आणि उपक्षेत्र कोणतं, हे द्यावं. आणि फोटोखाली क्रमांकाऐवजी त्या व्यक्तीने काय शोधलं आणि ते पुढे कोणी वापरलं, एवढं चार ओळींत लिहावं. त्या चार ओळींसाठी बातमीदाराने जवळच्या कोणत्याही विज्ञान ग्रंथालयात जावं. मूळ निबंध काढून द्यायला तिथलं माणूस आनंदाने उठेल.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल